फ्लोरिडाचे छत्तीस दिवस

(अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी येते आणि आपली वृत्तपत्रे ती जणू आपल्याच गावची निवडणूक असावी अशा उत्साहाने छापतात. उमेदवारांची भाषणे, त्यांच्या वादफेऱ्या, त्यांनी एकमेकांना मारलेले टोमणे यांची खडान्‌खडा माहिती आपल्याला असते. परंतु मतदाराने दिलेले मत अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोचते कसे, वाटेत ते कोणाकोणाच्या हातांतून जाते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते समजून घ्यायचे तर अवघा देश एका दमात पाहून भागत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसे एकच राज्य घेऊन बसावे लागते. आणि एकच राज्य निवडायचे तर २००० सालच्या फ्लोरिडाइतके बोलके राज्य दुसरे नाही. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला तेथे मतदान झाले आणि अध्यक्ष कोण, हे ठरायला १३ डिसेंबर उजाडला. छत्तीस दिवस जगातील सर्वांत बलाढ्य लोकशाही कागदाच्या एका टिकलीवर तोलून राहिली होती.

पन्नास निवडणुकांची एक निवडणूक

आधी रचना पाहू. अमेरिकी मतदार थेट अध्यक्षाला निवडत नाही. तो आपल्या राज्यातील निर्वाचक निवडतो आणि हे निर्वाचक अध्यक्ष निवडतात. प्रत्येक राज्याचे संसदेत जितके सदस्य, म्हणजे प्रतिनिधीगृहातील सदस्य अधिक सिनेटचे दोन, तितके त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनचे तीन धरून एकूण ५३८. बहुमतासाठी २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर इतर सर्वत्र नियम एकच : राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात राज्याचे सर्वच्या सर्व निर्वाचक.

याचा परिणाम असा की देशातील एकूण मतांना कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. २००० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना देशभरात रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मते अधिक पडली होती. पण इतर राज्यांचे हिशेब लागले तेव्हा गोर यांच्या खात्यावर २६७ निर्वाचक होते आणि बुश यांच्या खात्यावर २४६. दोघांपैकी कोणीही २७० ला पोचत नव्हता. उरले होते एकटे फ्लोरिडा. त्याचे निर्वाचक पंचवीस. ज्याचे फ्लोरिडा, त्याचे व्हाइट हाउस.

दुसरी गोष्ट आपल्या मनाला अधिक चमत्कारिक वाटावी अशी आहे. ही निवडणूक घेणारी एक राष्ट्रीय संस्था अमेरिकेत नाही. भारतात राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमाने निवडणूक आयोगाला जो अधिकार दिला, तसा अधिकार तेथे कोणाकडेच नाही. निवडणूक राज्याच्या कायद्याने होते आणि प्रत्यक्षात ती काउंटी घेते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. फ्लोरिडात अशा ६७ काउंट्या. मतपत्रिका कशी छापायची, यंत्र कोणते घ्यायचे, हे त्या त्या काउंटीने ठरवायचे. एकाच राज्यात कोठे कार्डाला भोक पाडून मत दिले जात होते, तर कोठे गोल काळा करून ते यंत्राला वाचायला दिले जात होते. म्हणजे एकाच पदासाठी, एकाच राज्यात, जणू सदुसष्ट निवडणुका चालल्या होत्या.

एक राज्य, अनेक मुलूख

फ्लोरिडा नकाशावर खाली लोंबणाऱ्या हातासारखे दिसते. पण ते एकजिनसी नाही. उत्तरेकडचा पट्टा जुन्या दक्षिणेचा. तेथे लष्करी तळ, चर्च आणि शेती. मधल्या भागात ओरलँडो आणि टँपा ही झपाट्याने वाढणारी शहरे. तेथील मतदार कोणत्याच पक्षाला बांधलेला नाही. आग्नेय किनाऱ्यावर न्यूयॉर्ककडून निवृत्त होऊन उन्हाच्या उबेला आलेली वृद्ध मंडळी. त्यांत ज्यू समाज मोठा. गोर यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलेले जोसेफ लिबरमन हे मोठ्या पक्षाने त्या पदासाठी उभे केलेले पहिले ज्यू उमेदवार होते, त्यामुळे तेथे उत्साहाला उधाण आले होते. आणि टोकाला मायामी, कॅस्ट्रोच्या क्यूबातून परागंदा झालेल्यांचे शहर. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एलियान गोन्झालेझ या सहा वर्षांच्या क्यूबन मुलाला केंद्र सरकारच्या सशस्त्र जवानांनी पहाटे नातेवाइकांच्या घरातून उचलले होते. पुढे त्याला वडिलांसह क्यूबाला परत जाऊ देण्यात आले. मायामीतील क्यूबनांनी तो राग क्लिंटन यांच्या पक्षावर मतपेटीतून काढला.

शिवाय छोटे उमेदवार होतेच. मतपत्रिकेवर एकंदर दहा नावे होती. हरितवादी राल्फ नेडर यांनी ९७,४८८ मते घेतली. महर्षी महेश योगी यांच्या ध्यानपरंपरेतील अनुयायांनी स्थापन केलेल्या नॅचरल लॉ पार्टीचे जॉन हेगेलिन यांनाही दोन हजारांहून अधिक मते मिळाली. शेवटी जो फरक राहिला, त्यापेक्षा या आठही छोट्या उमेदवारांपैकी प्रत्येकाची मते अधिक होती. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणत मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्याने हा तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावा.

दूरचित्रवाणीची रात्र

मतदानाच्या रात्री दूरचित्रवाणी वाहिन्यांनी आपली अब्रू चव्हाट्यावर मांडली. संध्याकाळी आठच्या सुमारास त्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकले. फ्लोरिडाचा पश्चिमेकडील पट्टा एक तास मागे असलेल्या कालविभागात मोडतो, तेथील मतदान अजून संपायचे होते, याचेही भान कोणी राखले नाही. दहाच्या सुमारास तो निकाल मागे घेण्यात आला. मध्यरात्रीनंतर दोन वाजून गेल्यावर एकामागून एक वाहिनी बुश विजयी झाल्याचे सांगू लागली. गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून अभिनंदनही केले आणि पराभव जाहीर करण्यासाठी ते नॅशव्हिल येथील सभास्थानाकडे निघाले. वाटेत त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोप दिला की फरक झपाट्याने आटतो आहे, थांबा. गोर यांनी पुन्हा दूरध्वनी केला आणि अभिनंदन परत घेतले. पहाटे चारच्या सुमारास वाहिन्यांनी बुश यांचाही विजय मागे घेतला.

त्या रात्रीचा आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. व्हॉलुशिया काउंटीतील एका मतदान केंद्राच्या संगणकीय नोंदीत बिघाड होऊन गोर यांच्या नावावर उणे सोळा हजार मते पडली. उणे! चूक वेळीच सापडली आणि दुरुस्त झाली; परंतु वाहिन्यांच्या घाईला त्या चुकीने हातभार लावला होता. बातमी देण्याची घाई आणि निकाल लावण्याचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या रात्रीने पत्रकारितेला दिला. तो किती टिकला, हे प्रेक्षक जाणतातच.

दुसऱ्या दिवशी पहिली मोजणी पुरी झाली. सुमारे साठ लाख मतांत बुश यांची आघाडी १,७८४. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर यंत्रावर फेरमोजणी करावीच लागेल, असा फ्लोरिडाचा कायदा होता. तीत आघाडी तीनशेच्या घरात उतरली.

फुलपाखरू आणि टिकली

आता लढाई मतपत्रिकेवर आली. पाम बीच काउंटीत वृद्ध मतदारांची संख्या मोठी. त्यांना वाचता यावे म्हणून तेथील निवडणूक पर्यवेक्षक बाईंनी अक्षर मोठे घेतले. दहा नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि भोके पाडायची रांग मध्ये ठेवली. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसते म्हणून तिला ‘बटरफ्लाय’ मतपत्रिका म्हणू लागले. डावीकडील पानावर बुश पहिले आणि गोर दुसरे. पण मधल्या रांगेतील दुसरे भोक होते उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे. गोर यांचे भोक तिसरे. ब्युकॅनन हे कट्टर उजव्या मतांचे. ज्यू वृद्ध त्यांना मत देतील ही कल्पनाही करवत नाही. तरी त्यांना त्या काउंटीत ३,४०० च्या आसपास मते पडली. ही सारी मते आपली नसावीत, हे खुद्द ब्युकॅनन यांनीच मोकळेपणाने मान्य केले. याखेरीज एकोणीस हजारांहून अधिक मतपत्रिकांवर दोन-दोन भोके होती. त्या बाद झाल्या.

गंमत अशी की या बाई डेमोक्रॅटिक पक्षाच्याच होत्या. नमुना मतपत्रिका आधी प्रसिद्ध झाली होती आणि दोन्ही पक्षांच्या लोकांनी ती पाहिली होती. कट कोणाचाच नव्हता. चांगल्या हेतूने केलेल्या एका छपाईच्या निर्णयाने कदाचित जगाच्या इतिहासाची दिशा बदलली. राज्यकारभारात हेतूइतकीच हातोटीही लागते, ती अशी.

भोकांच्या कार्डांची कथा आणखी सूक्ष्म आहे. मतदाराने सुईसारख्या काडीने कार्डावरील ठरावीक चौकोन टोचायचा आणि कागदाची टिकली खाली पडायची. या टिकलीला तेथे ‘चॅड’ म्हणतात. टिकली पूर्ण पडली तर यंत्र मत वाचते. पण ती एका कोपऱ्याला लोंबत राहिली तर? दोन कोपऱ्यांना चिकटली तर? नुसतीच खळी पडली आणि कागद फाटलाच नाही तर? मतदाराला मत द्यायचे होते की देता देता त्याने विचार बदलला? फ्लोरिडाचा कायदा ‘मतदाराचा हेतू’ पाहा, एवढेच सांगत होता. हेतू खळीत किती मावतो, हे कायद्यात लिहिलेले नव्हते.

गोर यांनी पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्हॉलुशिया या चार काउंट्यांत हातांनी फेरमोजणी मागितली. चारही काउंट्या त्यांना अनुकूल होत्या. संपूर्ण राज्यात फेरमोजणी मागण्याचा मोठेपणा त्यांच्या वकिलांना सुचला नाही आणि बुश यांच्या बाजूला तर कोठेच फेरमोजणी नको होती. मग टेबलांभोवती माणसे बसली. एकेक कार्ड उजेडाकडे धरून पाहू लागली. ब्रॉवर्डमधील एक न्यायाधीश भिंगातून कार्ड निरखीत आहेत, हे छायाचित्र जगभर छापून आले. एका काउंटीत खळी मत ठरली, दुसरीत ठरली नाही. पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असताना निकषच बदलत गेले.

पंच कोण?

या घटनेतील खरा पेच पुढे आहे. निकालावर शिक्का मारण्याचा अधिकार राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस यांचा. तेव्हा हे पद निवडणुकीने भरले जाई. हॅरिस रिपब्लिकन होत्या आणि बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचारयंत्रणेच्या सहअध्यक्षही होत्या. राज्याचे गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे धाकटे बंधू; त्यांनी निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या मंडळातून स्वतःला दूर केले. उलट राज्याचे महान्यायवादी बॉब बटरवर्थ हे गोर यांच्या प्रचाराचे फ्लोरिडातील प्रमुख. म्हणजे खेळाडूंनीच शिटी गळ्यात अडकवलेली! हॅरिस यांनी १४ नोव्हेंबरची मुदत कायद्याप्रमाणे पाळली असेल. परंतु त्यांनी कायदा पाळला की पक्ष पाळला, याची खात्री अर्ध्या देशाला कधीच पटली नाही. न्याय झाला एवढे पुरत नाही, तो झाला असे दिसावेही लागते.

मतदारयादीचा प्रश्न याहून गंभीर होता. गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्यांना फ्लोरिडात मताधिकार नसे. अशांची नावे वगळण्यासाठी राज्याने एका खासगी कंपनीकडून यादी करून घेतली आणि नावांच्या साधर्म्यामुळे ज्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नव्हता, अशीही माणसे तीत अडकली. कृष्णवर्णीय समाजाला याची झळ अधिक पोचली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ मध्ये काढला. मतमोजणीवर जगाचे लक्ष होते. पण जे मतपेटीपर्यंत पोचूच शकले नाहीत, त्यांची मोजणी कोण करणार?

न्यायालयांच्या पायऱ्या

पुढचे दिवस न्यायालयांचे. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत २६ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. २२ तारखेला मायामी-डेडच्या मोजणी कार्यालयाबाहेर रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी गदारोळ केला आणि तेथील मंडळाने वेळ पुरणार नाही म्हणून मोजणीच सोडून दिली. पाम बीचचे काम मुदतीनंतर सुमारे दोन तासांनी पुरे झाले. हॅरिस यांनी ते आकडे घेतले नाहीत. २६ च्या रात्री बुश यांचा विजय प्रमाणित झाला. बुश २९,१२,७९०. गोर २९,१२,२५३. फरक ५३७.

गोर यांनी त्याला आव्हान दिले. मतपत्रिका पुरावा म्हणून टॅलहासीला न्यायच्या होत्या. पाम बीचची साडेचार लाखांहून अधिक कार्डे भाड्याच्या एका पिवळ्या ट्रकमध्ये भरली गेली, पोलिसांच्या गाड्या सोबतीला निघाल्या, आकाशातून हेलिकॉप्टरवरचे कॅमेरे त्या ट्रकचा पाठलाग करीत राहिले आणि साऱ्या देशाने महामार्गावरून जाणारा तो ट्रक तासन्‌तास पाहिला. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर वादग्रस्त कार्डे हातांनी मोजण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी, मोजणी चालू असताना, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती थांबवली. १२ डिसेंबरच्या रात्री निकाल आला. काउंटीगणिक निकष वेगळे असणे हा समान न्यायाचा भंग आहे, हे नऊपैकी सात न्यायमूर्तींना पटले. पण एकसमान निकष लावून पुन्हा मोजा असे म्हणायला आता वेळ उरला नाही, हे मत पाचांचे होते. चौघांनी तीव्र असहमती नोंदवली. रोग सातांना दिसला. औषधाला मात्र वेळ नाही, असे पाचांनी सांगितले.

हा निर्णय योग्य होता की नाही, यावर अमेरिकेत आजही एकमत नाही. २००१ मध्ये मोठ्या वृत्तसंस्थांनी शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेकडून वादग्रस्त मतपत्रिका पुन्हा तपासून घेतल्या. निष्कर्ष असा की गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची फेरमोजणी पुरी झाली असती, तरी बुशच जिंकले असते. राज्यभरातील सर्व वादग्रस्त मतपत्रिका तपासल्या असत्या, तर मात्र गोर निसटत्या फरकाने पुढे गेले असते. म्हणजे गोर यांनी जे मागितले त्याने ते हरले असते आणि जे मागितले नाही, त्याने जिंकण्याची शक्यता होती. न्याय मागताना तो सर्वांसाठी मागावा, ही सात्त्विक वाटणारी गोष्ट व्यवहारातही शहाणपणाची ठरली असती.

हरणाऱ्याचे मोठेपण

१३ डिसेंबरला गोर देशासमोर आले. न्यायालयाशी आपण तीव्रपणे असहमत आहोत, तरीही हा निर्णय आपण स्वीकारतो, असे त्यांनी सांगितले. देशाच्या ऐक्यासाठी आणि लोकशाहीच्या बळकटीसाठी आपण माघार घेत आहोत, असेही ते म्हणाले. खरी परीक्षा त्यानंतर होती. ६ जानेवारी २००१ रोजी संसदेच्या संयुक्त अधिवेशनात निर्वाचकांची मते मोजली जाणार होती आणि मावळते उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी बसायचे होते गोर यांनीच. प्रतिनिधीगृहातील कृष्णवर्णीय सदस्य एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेऊ लागले. नियमाप्रमाणे हरकतीवर एका तरी सिनेटरची सही लागे. ती कोणाकडेच नव्हती. जे सदस्य गोर यांच्यासाठी भांडत होते, त्यांच्याच हरकती गोर यांना एकेक करून नियमबाह्य ठरवाव्या लागल्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःचा पराभव जाहीर केला. देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवलेल्या माणसाने.

आपल्याला याच्या जवळचा प्रसंग शोधायला दूर जावे लागत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली, विरोधात २७०. विरोधातील एक मत गिरिधर गमांग यांचे. ते तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचे सदस्यत्व सोडलेले नव्हते. मत द्यावे की नाही, हे सभापतींनी त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवले होते. या एका मताविरुद्ध वाद घालायला जागा होती. वाजपेयी वाद घालीत बसले नाहीत. ते राष्ट्रपतींकडे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. काही महिन्यांनी जनतेने त्यांना पुन्हा निवडून दिले. आदल्या वर्षी दिल्लीत आणि नंतर फ्लोरिडात दिसलेला हा संस्कार एकच आहे : आपण पडलो तरी चालेल, व्यवस्था पडता कामा नये.

वीस वर्षांनी

फ्लोरिडाने धडा घेतला. २००१ च्या कायद्याने भोकांची कार्डे बाद झाली. २००२ मध्ये संसदेने कायदा करून राज्यांना नव्या यंत्रांसाठी निधी दिला. अनेक काउंट्यांनी पडद्याला स्पर्श करून मत देण्याची यंत्रे घेतली. २००६ मध्ये सॅरासोटा परिसरात प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत अशा यंत्रांवर सुमारे १८ हजार मतदारांचे त्या पदासाठीचे मतच नोंदलेले आढळले नाही आणि विजयाचा फरक होता ३६९. तपासायला कागद नव्हता. योगायोग असा की ही जागा कॅथरीन हॅरिस यांनी सिनेटसाठी लढताना मोकळी केली होती. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कागदी मतपत्रिका आणि ती वाचणारे यंत्र ही जोडी स्वीकारली. टपाली मतांची पूर्वतपासणी मतदानाच्या दिवसाआधीच सुरू करण्याची तरतूदही तेथे आहे. त्यामुळे २०२० मध्ये इतर काही राज्यांत मोजणी दिवसेंदिवस रेंगाळली, तेव्हा फ्लोरिडाचा निकाल त्याच रात्री लागला. वीस वर्षांपूर्वी जगाने ज्याची थट्टा केली, ते राज्य नमुना ठरले.

पण २०२० मध्ये दुसरा खांब हलला. डोनाल्ड ट्रम्प यांनी फ्लोरिडा जिंकले, देश मात्र गमावला. जॉर्जियात फरक बारा हजारांच्या आत होता. तेथे पन्नास लाखांच्या आसपास मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या गेल्या. तेथील सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्स्पर्गर ट्रम्प यांच्याच पक्षाचे होते, तरी त्यांनी आकडा बदलला नाही. साठांच्या आसपास दावे न्यायालयांत टिकले नाहीत. पंचांनी या वेळी आपले काम चोख केले. पण हरणाऱ्याने हार मानली नाही आणि ६ जानेवारी २०२१ रोजी, जेथे वीस वर्षांपूर्वी गोर यांनी स्वतःचा पराभव वाचला होता, त्याच संसद भवनात जमाव घुसला.

दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. २००० मध्ये नियम अपुरे होते आणि पंच पक्षाचे होते. देश तरला तो हरणाऱ्याच्या संयमावर. २०२० मध्ये नियम आणि पंच दोन्ही टिकले, पण संयम सुटला. निवडणुकीला आधी ठरलेला नियम, पक्षातीत पंच आणि हार पचवणारा उमेदवार असे तीन पाय असतात. त्यांतला एक मोडला, तरी तिवई डगमगते.

आपल्या अंगणात

या तीन पायांवर आपले काय? पहिला पाय आपण कष्टाने मिळवला आहे. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. कायद्यात तरतूद नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. आधी कायदा, मग यंत्र. १९९९ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या गोव्याने संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर घेणारे पहिले राज्य होण्याचा मान मिळवला आणि २००४ ची लोकसभा देशभर यंत्रांवर झाली. जेथे २००० साली फ्लोरिडाच्या सदुसष्ट काउंट्या सदुसष्ट वाटांनी गेल्या, तेथे गडचिरोलीच्या पाड्यावर आणि मुंबईच्या मनोऱ्यात यंत्र एकच, नियम एकच.

दुसरा पाय आयोगाचा. आपल्याकडे जिल्हाधिकारी निवडणूक अधिकारी असतो तेव्हा तो आयोगाच्या शिस्तीखाली काम करतो. तो कोणाच्या प्रचाराचा सहअध्यक्ष असू शकत नाही. निवडणूक चालू असताना न्यायालयात ओढाताण नको, म्हणून घटनेने निवडणूक याचिकेची वाट नंतर ठेवली. २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार अमोल कीर्तिकर यांनी उच्च न्यायालयाची वाट धरली आणि ती याचिका तेथे फेटाळली गेली. फरक फ्लोरिडाच्या दशांशाहूनही कमी. वाट मात्र आधीच आखलेली. हे वैभव आहे. पण ते आयोगावरील विश्वासावर उभे आहे आणि हा विश्वास जपण्याची पहिली जबाबदारी आयोगाचीच. शंका विचारणाऱ्याला फटकारून विश्वास वाढत नाही. दप्तर उघडून दाखवल्याने वाढतो.

तिसऱ्या पायाबाबत मात्र प्रत्येकाने आरशात पाहावे. आज जे हरतात, ते यंत्राला दोष देतात आणि त्याच यंत्रावर जिंकलेल्या राज्याबद्दल मौन पाळतात. यावर आपण हसतो. पण २००९ च्या पराभवानंतर याच यंत्रांवर शंका घेणाऱ्यांत भारतीय जनता पक्षाचे ज्येष्ठ नेते होते, हेही विसरून चालणार नाही. प्रामाणिक शंकेचा उपयोग झाला, हेही खरे. डॉ. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पावतीची आवश्यकता मान्य केली आणि २०१९ च्या लोकसभेला प्रत्येक यंत्राशेजारी पावती दाखवणारी पेटी उभी राहिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वच पावत्या मोजाव्यात ही मागणी त्याच न्यायालयाने नाकारली. फ्लोरिडा ज्या कागदाकडे परत गेले, त्याच कागदाचा आधार आपणही घेतला. शंका घ्यावी, पण ती जिंकल्यावरही घ्यावी. पुरावा मागावा, पण मिळाल्यावर मानावा.

रामायणात रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषणाला सांगणारे रामचंद्र आपण पूजतो. जिंकणाऱ्याने वैर कोठे थांबवावे, हे त्या प्रसंगाने शिकवले. हरणाऱ्याने कोठे थांबावे, हे शिकवायला आपल्याकडे वाजपेयी होते. फ्लोरिडाच्या छत्तीस दिवसांत टिकल्या मोजणाऱ्या त्या थकलेल्या माणसांची जगाने थट्टा केली. पण भिंगातून दिसत होता तो कोणा एका अनोळखी मतदाराचा हेतू. त्याच्यासाठी रात्र-रात्र जागणारी माणसे ज्या देशात आहेत, त्या देशाची लोकशाही चुकेल, अडखळेल, पण मरणार नाही. आपल्या गावातील मतदान केंद्रावर पहाटे पाचपासून राबणारी शिक्षिका, यंत्र खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा शिपाई आणि मोजणीच्या टेबलापाशी समोरासमोर बसलेले दोन पक्षांचे प्रतिनिधी हीच आपलीही खरी तटबंदी आहे. ती शाबूत राहील, तोवर निकाल कोणताही लागो, राष्ट्र हरणार नाही.